जनकाबाईंचे एक्केचाळीस दोरे

मलकापुरात मुलींच्या एका शाळेत जनकाबाई शिवण शिकवायच्या. मुली मुख्याध्यापिकेला घाबरत नसत तेवढ्या या बाईंना घाबरत. टाका वाकडा गेला की बाई तो उसवायला लावत, एकदा नव्हे, सरळ येईपर्यंत. कुणाच्या पोलक्याचं बटण तुटलेलं दिसलं, तर तिथल्या तिथे लावून घेतल्याशिवाय तिला बाकावर बसू देत नसत. अंगानं चांगल्या थोराड, बुटक्या, आवाज खणखणीत. अशा बाईनं जे काम केलं, ते भल्याभल्या शिकलेल्यांना सुचलं नसतं, आणि त्याची सुरुवात मात्र तिच्याच चुकीनं झाली.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन वर्षं झाली होती. वरून शाळेत एक तक्ता आला: आठवीतल्या प्रत्येक मुलीची उंची आणि वजन भरून पाठवा, वजन नव्या किलोत. शाळेत फूटपट्टीच्या पलीकडे मोजायचं साधन नव्हतं. मुख्याध्यापिका डोक्याला हात लावून बसल्या. जनकाबाई म्हणाल्या, "त्यात काय एवढं? जिनात कापसाचा काटा हाये. तिथला मापारी उकंडराव माह्या गावचा, मोताळ्याचा. रविवारी नेतो पोरींले."

रविवारी आठवीच्या एक्केचाळीस मुली रांगेनं जिनात, कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, गेल्या. सहलच ती त्यांना. आता कापसाच्या काट्याची एक रीत असते. मापारी वजन मोठ्यानं पुकारतो आणि हमाल ते तसंच पुन्हा पुकारतात, म्हणजे विकणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं आपल्या कानांनी ऐकलं, पुढे तक्रारीला जागा नको. उकंडरावाचा गळा तीस वर्षं या कामात तयार झालेला. पहिली मुलगी काट्यावर चढली आणि तो सवयीनं ओरडला, "बत्तीस होऽ बत्तीस!" हमालांनी साथ दिली, "बत्तीस!" मुली खुदखुदल्या. मजा वाटली सगळ्यांना.

मग प्रतिमा चढली. तहसील कचेरीतल्या नीळकंठराव कारकुनांची मुलगी, अभ्यासात हुशार, अंगानं भरलेली.

"साठ होऽ साठ!"

"साठ!" हमाल म्हणाले, आणि त्यातल्या एकानं भरल्या पोत्याला म्हणतात तसं जोडून दिलं, "पक्का बोरा!"

रांग हसून हसून वाकडी झाली. जनकाबाई तक्त्यात मान घालून आकडे लिहीत होत्या. त्यांना ऐकू आलं होतं. त्यांनी मान वर केली नाही. साठ लिहिलं आणि म्हणाल्या, "चला, पुढची."

सोमवारपासून प्रतिमा शाळेत आली नाही. आठवडा गेला. नवव्या दिवशी बाईंनी वर्गात विचारलं, तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "बाई, तिले आता सगळे साठच म्हणतात."

बाईंनी हजेरीपट मिटला. त्या स्वतः पंधराव्या वर्षी सासरी गेल्या, तेव्हा नणंद त्यांना रांजण म्हणायची. पाणी भरायला निघाल्या की म्हणायची, रांजण चालला रांजण भरायला. नवरा गेला, सासर सुटलं, शिवणाचा कोर्स झाला, नोकरी लागली, पण तो शब्द काही अंगावरून उतरला नाही. वीस वर्षं त्या स्वतःचं पोलकं दोन बोटं ढिलं शिवत होत्या. आणि आज त्यांनीच एका पोरीला हमालांच्या तोंडी दिलं होतं.

त्या संध्याकाळी त्या नीळकंठरावांच्या घरी गेल्या. प्रतिमा दाराआडून बाहेर आली नाही. तिची आई आशाबाई डोळे पुसत म्हणाली, "अर्धी भाकर खाते हो बाई, अन् उठून जाते. परवा चक्कर येऊन पडली." नीळकंठराव सज्जन माणूस, पण मुलीचे हाल पाहून कंटाळलेला. "राहू द्या आता. आठवीपर्यंत झालं तेवढं पुष्कळ झालं," ते म्हणाले. शाळेचा नियम होता: सलग तीस दिवस गैरहजर, की पटावरून नाव कमी. वीस-एकवीस दिवस उरले होते.

दुसऱ्या कुणीही वर्गातल्या मुलींना फैलावर घेतलं असतं. बाईंचा हात त्या कामी चांगला चालत होता, तरी त्यांनी ते केलं नाही. रागावल्यानं मुली गप्प होतील, हसायच्या थांबणार नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांना आधी हे जाणून घ्यायचं होतं की वर्गात अशा प्रतिमा किती आहेत. पण विचारणार कसं? कुठली मुलगी उठून सांगेल, की मला माझं अंग आवडत नाही म्हणून?

उत्तर त्यांना परकराच्या नाडीत सापडलं. मुली अंदाजानं नाडी कापत आणि ती दरवेळी हातभर जास्त भरे. बाई इतकी वर्षं त्यावरून बोलत आल्या, सूत वाया घालवता म्हणून. आता त्यांना वाटलं, वाया नाही हे, पोरी मले काहीतरी सांगून राहिल्यात.

त्यांनी वर्गाच्या कोपऱ्यात जुनी साडी आडवी बांधली. एकेका मुलीनं आत जायचं. डोळे मिटून, आपल्या कमरेला एक वेढा बसेल एवढा दोरा कापायचा. मग डोळे उघडून तो कमरेला गुंडाळायचा आणि खरी कंबर भरते तिथं गाठ मारायची. गाठीपुढे उरेल ते शिल्लक, कमी पडलं तर जोड द्यायचा. शेवटी डब्यातलं एक बटण दोऱ्याला बांधायचं. कुठलं बटण कुणाचं, हे जिचं तिलाच ठाऊक. नाव कुठे नाही, आकडा नाही, पुकारा तर नाहीच.

चाळीस दोरे जमले. बाईंनी ते मांडीवर घेऊन बोटांनी मोजले. दोघींचाच अंदाज बरोबर आला होता. सात वाळक्या पोरींचे दोरे खऱ्या कमरेला पुरतच नव्हते. राहिलेल्या एकतिसांचे लांब, म्हणजे आहोत त्याहून आपण जाड, असं त्यांना वाटत होतं. कुणाचा चार बोटं, कुणाचा आठ, कुणाचा चक्क वीतभर. काट्यापाशी हसून वाकड्या झालेल्या त्या ह्याच. कॉलेजची पायरीही न चढलेल्या या बाईनं एका दुपारी दोऱ्यानं जे मोजलं, ते त्या कापसाच्या काट्याला कधी जमलं नसतं.

मुली गेल्यावर बाई स्वतः साडीआड गेल्या. डोळे मिटले, दोरा कापला, गाठ मारली. वीत आणि वर चार बोटं शिल्लक. डब्यात बटण उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी आपल्या पोलक्याचं एक शिंपल्याचं बटण तोडून बांधलं आणि तिथं पिन लावली. शिवणाच्या बाईंच्या पोलक्याला पिन! दुसऱ्या दिवसापासून शाळेत कुजबुज सुरू झाली.

पंचविसाव्या दिवशी बाई दोऱ्यांची जुडी घेऊन नीळकंठरावांकडे गेल्या आणि सरळ दाराआड जाऊन प्रतिमापुढे बसल्या. "काही बोलू नको. डोळे मीट अन् कमरेएवढा दोरा काप."

प्रतिमानं कापला. गुंडाळला. गाठ मारली. एक वीत उरला. ती गाठीकडे पाहतच राहिली.

"आता हे तुह्या वर्गातल्या पोरींचे दोरे," बाई म्हणाल्या. "जिले जेवढं वाटते, अन् जेवढं हाये. पाहून घे."

प्रतिमानं एकेक दोरा आपल्या दोऱ्याशेजारी धरला. तिला वाटलं होतं, आपलाच सगळ्यांत लांब असणार. नव्हता. तिच्याएवढे दोन निघाले, आणि एक तर तिच्याहूनही चार बोटं पुढे गेला.

"बाई, हा कोणाचा?"

"तुले काय करायचं? जिचा हाये, ते रोज शाळेत येते."

प्रतिमानं टोकाचं शिंपल्याचं बटण उलटसुलट करून पाहिलं. मग मान वर करून बाईंच्या पोलक्यावरची पिन पाहिली. वीस वर्षांत ही गोष्ट त्यांनी कुणाला कळू दिली नव्हती, आणि आता समोर चौदा वर्षांची पोर बसली होती. उठून जावंसं वाटलं. त्या उठल्या नाहीत.

"माह्याच हाये," त्या म्हणाल्या. "अन् एक सांगतो पोरी. त्या दिवशी काट्यापाशी मले सगळं ऐकू आलं होतं. मी मान वर केली नाही. माह्यं चुकलं."

प्रतिमा रडली, अगदी मोकळी रडली. आशाबाई दारातून सगळं बघत होत्या. रडून झाल्यावर प्रतिमानं आईकडे सुई मागितली, दोऱ्याचं बटण सोडवलं, पिन काढली आणि बाईंच्या पोलक्याला ते बटण लावून दिलं. बाईंनी लहान मुलीसारखी मान वर धरली.

सव्विसाव्या दिवशी प्रतिमा शाळेत आली. साडीआड आपला दोरा किती चुकला, हे आता जिचं तिला ठाऊक होतं; कुणी तिला साठ म्हटलं नाही.

बटणाचे टाके वाकडे पडले होते. घाईघाईत लावलेलं, डोळ्यांत पाणी असताना. ते पोलकं जनकाबाईंनी पुढे विरेपर्यंत वापरलं, आणि ते टाके काही उसवले नाहीत.