पक्षी हाकलणारं अक्षर

दहाव्या दिवशी, दुबईतल्या अल बर्शा भागात आमच्या बिल्डिंगमागच्या रिकाम्या प्लॉटवर मी नवऱ्याचा पिंड ठेवला. इथे घाट नाही, कावळे मात्र आहेत. एक दिव्याच्या खांबावर बसला होता.

नवरा दरवर्षी म्हणायचा, "चल, पुण्याला परत जाऊ." मी शाळेच्या लायब्ररीत रमलेली. "अजून एकच वर्ष," म्हणायचे. अशी वर्षं गेली आणि तो इथेच गेला. आता कावळा शिवला तरच त्याचं मन मोकळं झालं, एवढंच मला कळत होतं.

"जाते मी परत," मी हात जोडून पुटपुटले. "घर उघडते."

"आई, इट्स सो हॉट," मुलगी म्हणाली.

"बाबांना चालायचं ऊन."

"ही नेव्हर लेफ्ट द एसी, आई."

तेवढ्यात कावळा उतरला. दोन उड्यांत पिंडापाशी आला, मान वाकडी करून पाहू लागला. आणि नवऱ्याच्या ऑफिसातला कोरियन सहकारी, उशिरा पोचलेला, काळ्या सुटात, हातातलं वर्तमानपत्र फिरवत धावत आला. "हुश! हुश!"

कावळा उडाला.

मी किंचाळले. परक्या माणसावर, आयुष्यात पहिल्यांदा. मुलीने त्याला घाईघाईने आपली पद्धत समजावली, तेव्हा तो मटकन वाळूत बसला.

"सॉरी, मॅडम," तो म्हणाला. मग बोटाने वाळूत एक अक्षर काढलं: उभी रेघ आणि तिला वेढणारं वळण. चिनी अक्षर, त्याने सांगितलं, कोरियनमध्ये त्याला 'जो' म्हणतात. मयताच्या घरी पाठवायच्या फुलांच्या फितीवर तेच लिहितात. त्याच्या आजोबांनी त्याला शिकवलं होतं, की रेघ म्हणजे माणूस आणि वळण म्हणजे धनुष्य. फार पूर्वी मृताला गवताने झाकून उघड्यावर ठेवत. समाचाराला येणारा धनुष्य घेऊन यायचा, पक्ष्यांनी चोच लावू नये म्हणून.

"मला वाटलं, कुणी हाकलतच नाहीये," तो म्हणाला.

त्याच्यावर रागवायला माझ्याकडे काही उरलं नाही. तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून आमच्याबरोबर बसून राहिला. तासभर गेला. पिंड कोरडा पडून तडकला.

"आई, गुरुजी फोनवर म्हणाले होते ना, दर्भाचा कावळा करून लावला तरी चालतं."

"नको." माझ्याच हातचा कावळा माझ्याच मनासारखं उत्तर देणार.

वाऱ्याने अक्षर बुजत आलं होतं.

"जाते रे मी परत," मी पुन्हा म्हणाले, या वेळी मोठ्याने. खांबावर कोणी नव्हतं.