अकरा वर्षांनी अनूच्या पाटावर

धामणगाव स्टेशनावर उतरलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं, आणि मी चौकशी कशाची केली, तर परतीची गाडी कितीला आहे याची. माझी बायको सुमती वळकटीवर बसून हसली. "अहो, अजून चहासुद्धा झाला नाही!" आठ वर्षांची कुमुद डोळे चोळत उभी होती. तिनं आपल्या आत्याला कधी पाहिलंच नव्हतं. या भाऊबीजेला घाटंजीच्या बाजूला, माझ्या बहिणीच्या गावी नक्की जायचं, असा शब्द मी दोघींना दिला होता. महाराष्ट्र राज्य होऊन दीड वर्ष झालं होतं, आणि मी हा मुलूख सोडला त्याला अकरा.

सोडला कशापायी, तेही सांगून टाकतो. यवतमाळच्या एका जिनिंगमध्ये (कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात) मी आणि बाबा कामाला होतो. एका दुपारी आग लागली. मी मागच्या खिडकीतून उडी टाकली आणि पळालो तो थेट नाल्यापर्यंत. बाबा बाहेर वजनकाट्यावर होते, सुखरूप. मला शोधायला ते आत गेले आणि परत आले नाहीत. मी पुढच्या दाराशी येऊन नुसती एक हाक मारली असती तर? या विचारानं मला कुठंच स्वस्थ बसू दिलं नाही. बारा वर्षांची माझी बहीण अनू मामांकडे गेली, मी नाशिकला. दर दिवाळीला तिचं पत्र यायचं आणि दर दिवाळीला मला नेमकं काहीतरी काम निघायचं. तेव्हापासून कुठल्याही खोलीत शिरलो की मी आधी दारं मोजतो. घरात काडी ओढायची ती सुमतीनं.

यवतमाळच्या एसटीत खिडकीशी बसलो. दोन्ही बाजूंना बोंडं फुटून शेतं पांढरी झालेली, मधूनच तुरीची पिवळी फुलं. कुमुद हरखून गेली होती. मला मात्र नुसता पांढरा ढीग दिसत होता. तेवढ्यात शेजारच्या पागोटेवाल्या म्हाताऱ्यानं बिडी शिलगावली आणि मी ओरडलोच, "विझवा आधी ती!"

"काहून जी? मोटारीत कापूस भरला काय?"

अख्खी मोटार हसली. आमची लेकही त्यांना सामील. म्हाताऱ्यानं बिडी विझवून कानावर ठेवली. "कोठं चालले?"

"बहिणीकडे."

"मंग ठाण्यावर बोलावल्यावानी काहून बसले?"

यवतमाळला गाडी बदलली. जिनिंगच्या रस्त्याकडे पाठ करून मी उभा राहिलो, आणि सुमतीनं तेवढ्यात टोपलीभर सीताफळं घेतली. पुढं फाट्यावर अनूचे यजमान शामराव बंडी (बैलगाडी) घेऊन आले होते. बंडीच्या हिसक्यांनी निम्मी सीताफळं कुमुदच्या परकरावर फुटली. घरी पोचलो तर अनू दारात उभी. तिनं आमच्या पायांवर पाणी घातलं, कुमुदला छातीशी धरलं, माझ्याकडे मात्र नीट बघेना. तिच्या मनात काय आहे ते मला ठाऊक होतं, किंवा तसं मी समजत होतो.

पुढच्या खोलीत पहिल्या वेच्याचा (पहिल्या वेचणीचा) कापूस आढ्यापर्यंत रचलेला, आणि खोलीला दार एकच. मी ओसरीवर बसलो, उठलो, पुन्हा बसलो. "भाऊ, मुंग्या चावून राह्यल्या काय?" शामराव म्हणाले. मी भाऊबीजेच्या दिवशीची दुपारी दोनची एसटी मनात धरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सुमतीनं मला हळूच एक गोष्ट दाखवली. अनू चुलीतला विस्तव राखेखाली जपून ठेवायची. विझलाच तर गोवरी घेऊन शेजारी विस्तव मागायला जायची. कोनाड्यात काडेपेटी पडलेली असताना. मला तो काटकसरीचा प्रकार वाटला.

भाऊबीजेला सकाळी पाट मांडला, रांगोळी घातली. पहिल्या वेच्याच्या कापसाची वात निरांजनात होती. अनूनं आज काडेपेटी हातात घेतली. एक काडी मोडली. दुसरी मोडली. तिसरी तिच्या हातातून पडली आणि ती मटकन खाली बसली.

"भाऊ, तू माह्या रागानं येत नव्हता ना?"

"मी? तुझ्या रागानं?"

"बाबाले मीच सांगतलं. भाकर घेऊन आलती मी त्या दिवशी. म्हटलं, भाऊ आत आहे. म्हणून ते गेले."

अकरा वर्षांत सुटलेली बोली आपोआप तोंडात आली. "अनू, मी मांगच्या खिडकीतून पळालो होतो. नाल्यावर बसून होतो. तू इचारशील, भाऊ तू पुढं काहून नाही आला, म्हणून मले तुह्यासमोर यायची हिंमत नव्हती."

मग आम्ही दोघं रडलो. चांगले हुंदके देऊन रडलो. शामराव बैलांना पाणी दाखवायला बाहेर गेले. सुमती जागची हलली नाही.

"आत्या, दिवा राहिला ना!" कुमुद म्हणाली.

काडेपेटी मी उचलली. पहिली काडी मोडली. दुसरी पेटली. अनूनं खालून माझ्या हाताला आपला हात लावला. वातीनं पेट घेतला. कापसाचा ढीग चार पावलांवर, दार एकच, आणि मी पाटावर बसून राहिलो. ज्योत तोंडासमोरून तीनदा फिरली. भीती वाटत होतीच, पण उठावंसं वाटलं नाही.

दोनची एसटी गेली तेव्हा मी गोळाभात (हरभऱ्याच्या भरड्याचे गोळे घातलेला भात) तिसऱ्यांदा वाढून घेत होतो. आणखी चार दिवस राहिलो. येताना यवतमाळला जिनिंगच्या रस्त्यानं तिघं चालत गेलो. तिथं आता नवं छप्पर आहे. बाबा कुठं उभे असायचे ते मी कुमुदला दाखवलं.

मी बरा झालो असं म्हणवत नाही. नाशिकच्या घरात शिरलो तेव्हा दारं मोजलीच. पण कोटाच्या खिशात अनूची काडेपेटी सापडली, तेव्हा देवापुढचा दिवा मीच लावला, आणि तिला कार्ड टाकलं: तुझी काडेपेटी चुकून माझ्याबरोबर आली.

आठवड्यानं उत्तर आलं. "राहू दे तुह्याजवळ. मी नवी आणली. अर्धी संपली."