विरजणाचं रिकामं भांडं

शेजारची नात पास झाली, म्हणून आज तिकडे दूध आटतंय. त्या वासानं मला आमचं डोंबिवलीचं बिऱ्हाड आठवलं. मुलगा मॅट्रिक झाला तेव्हा आनंदाच्या भरात घरातलं सगळं दूध आटवून मी पेढे केले, चाळभर वाटले. दुसऱ्याच दिवशी तो पुण्याला कॉलेजात निघाला. निघणारा परत यावा म्हणून हातावर दही घालायचं, आणि माझं विरजणाचं भांडं रिकामं! कुणाकडे मागावं, तर टांगा दारात. "अगं आई, दह्याचं काय घेऊन बसलीस? दिवाळीला येतोच आहे," तो हसला. आला की! पण परतीचं तिकीट खिशात घेऊन, आणि पुढेही तसाच येत राहिला. आता घरातून निघणारं कुणी उरलेलं नाही. तरी दूध आटवण्याआधी वाटीभर मी विरजून ठेवतेच.