कावळे आणि देगलूरची गाडी

निलंग्याच्या बसस्थानकावर गाड्या पुकारणारा माणूस चहासुद्धा पुकारूनच मागतो. "एक कडक चहा... खिडकीजवळ लावण्यात यावा!"

देगलूरकडं रोगानं कावळे मेल्याची बातमी आली आणि तिकडच्या गाडीत कुणी चढेना. तिथं माझी बहीण ऑपरेशन होऊन एकटी पडलेली. खरं सांगतो, "गाडीच नाही" असं तिला खोटं सांगायच्या बेतात मी होतो.

तेवढ्यात भोंगा खरखरला. "देगलूर गाडी लागली हाय. मेल्या पाखराला हात लावू नका, कोंबडी नीट शिजवून खावा. कावळे सोडून बाकीच्यांनी बसून घ्यावं!"

लोक हसत चढले. आपल्या खिडकीतून पुकारणाऱ्यानं मला हटकलं, "मामा, तुम्ही कावळ्यात का माणसात?"

मी चढलो आणि बहिणीला फोन केला. "उठू नको गं. भाकरी मी आल्यावर टाकतो."