थांबलेले माग

सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास आला, की मला नागपुरातली आमची विणकरांची गल्ली आठवते आणि शेजारची आंधळी काकू. तिचे पायही गेलेले, पोटचं कोणी नाही. पण तिचं हवं-नको सगळी गल्ली पाहायची. दिवसभर घराघरांत हातमागांची खटखट चाले. काकूने टाळी वाजवली, की जवळचा एखादा माग थांबे, आणि ती हसून दाराकडे तोंड वळवी. मागावरून कोणीतरी उठलं, म्हणजे आता येणार. पुढे भाच्याने तिला रामदासपेठेत नेलं. पलंग, पंखा, वेळेवर जेवण, दिमतीला बाई. त्याला नाव ठेवायला जागाच नव्हती. मी भेटायला गेले तेव्हा घर इतकं शांत, की भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. काकू दाराकडे तोंड करून ताठ बसलेली. "काकू, अशी काहून बसली वं?" मी विचारलं. "सगळे माग थांबले," ती हसत कुजबुजली, "सारी गल्लीच येऊन राहिली." आता आमच्या गल्लीतही माग उरला नाही. दुपारी घरात मी एकटीच असते, आणि तोंड आपोआप दाराकडे वळतं.