विहीर खणण्याचे कारण

साक्रीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी अडीच एकर खडकाळ जमीन घेऊन तिथे विहीर खणायचे मी ठरवले, तेव्हा धुळ्यातल्या आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत त्याची तीन कारणे सांगितली जात होती. एक, मॅडमना शेतीची हौस आली आहे. दुसरे, मॅडमचे आणि त्यांच्या मिस्टरांचे पटत नाही. तिसरे कारण विज्ञानाच्या सरांनी शोधून काढले होते: मॅडम जगबुडीची तयारी करत आहेत. तिन्ही कारणे चुकीची होती. पण तिसऱ्यामागे निदान थोडे निरीक्षण होते, म्हणून त्या सरांना मी निम्मे गुण देते.

तयारीची सवय मला होती, हे खरे आहे. आमच्या घरात वर्षाची ज्वारी आणि बाजरी कोठीत असे. धान्य दोन दिवस कडकडीत उन्हात वाळवायचे, चाळायचे, पूर्ण निवू द्यायचे आणि मगच भरायचे. प्रत्येक थरावर सावलीत सुकवलेला कडुनिंबाचा पाला पसरायचा. धान्य गरम असताना भरले तर कोठीला आतून घाम सुटतो आणि किडे होतात. घाईची माणसे ही चूक दरवर्षी करतात आणि दोष कडुनिंबाला देतात. याशिवाय वातीचा स्टोव्ह, कंदिलाची एक जादा काच, उन्हाळ्यात करून ठेवलेले ज्वारीचे पापड, म्हणजे बिबडे, डाळी, मीठ. हे सगळे पाहून शिक्षकखोलीतली मंडळी हसत. त्यांच्या घरी गॅसची एकच टाकी असे, आणि ती संपली की हीच मंडळी स्टोव्ह मागायला आमच्या दारात उभी राहत. परत करताना म्हणत, "तुमचं बरं असतं हो, बाई." जणू तो स्टोव्ह आमच्या अंगणात आपोआप उगवला होता.

परंतु धान्य आणि स्टोव्ह यांवरून कुणी विहीर खणत नाही. विहिरीचे कारण वेगळे आहे, आणि ते धुळ्याच्या देवपुरात, आमच्या वसाहतीत, चैत्रातल्या तीन दिवसांत घडले.

आमच्या भागात नळाला चौथ्या दिवशी पाणी येई. ज्या दिवशी पाणी यायचे, त्या दिवशी सकाळी वसाहतीतल्या बायका घरात उरलेले सगळे पाणी ओतून देत. मोरीत, अंगणात, अगदीच जास्त असले तर रस्त्यावर. मग हंडे, कळशा, पिंप चिंचेने घासून उन्हात पालथे घालत आणि नळाची वाट पाहत. कारण काय, तर जुने पाणी शिळे. भाकरी शिळी होते, ती का होते हेही सांगता येते. पण पाणी शिळे कसे होते, हे मला आजवर कुणी समजावून दिलेले नाही. जे पाणी धरणात वर्षभर पडून असते, तेच आपल्या कळशीत चार दिवस झाकून ठेवले की शिळे होते, असा हा सिद्धान्त होता. त्यावर पदवीधरांच्या घरांतही कुणाला शंका आली नाही. नळावर एवढा विश्वास या लोकांनी आपल्या सख्ख्या भावावर टाकला नसता.

सातवीच्या वर्गात मी स्वतः शिकवत असे, की स्वच्छ, झाकलेल्या भांड्यातले पाणी पंधरा दिवस सहज राहते. उकळून ठेवले तर अधिकच. मुले ते वहीत लिहून घेत. आणि त्या चैत्रातल्या सकाळी मी माझ्या घरातले सगळे पाणी ओतून दिले. एक तांब्याही ठेवला नाही.

याचे स्पष्टीकरण देणे मला भाग आहे. आम्ही बौद्ध. त्या रांगेतल्या चौदा घरांत आमचे एकच. इतर बायका एखादे वेळी आळस करीत, एखादा हंडा तसाच ठेवीत. ते त्यांना चालत होते. मला चालत नव्हते. आमची भांडी सर्वांत आधी घासली जावीत, सर्वांत जास्त चकाकावीत आणि रस्त्याने जाणाऱ्याला दिसतील अशी पालथी असावीत, याची मी काळजी घेत असे. आमच्या घराच्या स्वच्छतेवर कुणाला बोट ठेवता येऊ नये, म्हणून मी वर्गात शिकवलेले ज्ञान दर चौथ्या दिवशी मोरीत ओतत होते. शेजाऱ्यांच्या अडाणीपणाचा मी तिरस्कार करते. पण त्यांचा अडाणीपणा निदान त्यांचा स्वतःचा होता. माझा मी त्यांच्याकडून उसना घेतला होता.

त्या दिवशी नळाला पाणी आले नाही. मुख्य जलवाहिनी कुठेतरी फुटली होती. पहिल्या दिवशी वसाहतीत थट्टा चालली. दुसऱ्या दिवशी पुरुष मंडळी पांझरेच्या कोरड्या पात्रात झिरे खोदायला गेली. वाळूत हातभर खड्डा करायचा, कडेने पाझरणारे पाणी साचू द्यायचे आणि वाटीने ते उपसायचे, याला झिरा म्हणतात. माझे पतीही गेले. ते तालुक्याच्या कचेरीत कारकून होते आणि फाइलीखेरीज त्यांनी आजवर काही उपसले नव्हते. दुपारपर्यंत त्यांनी अर्धी बादली दुधट पाणी आणले. ते गाळून, उकळून, निवळेपर्यंत संध्याकाळ झाली असती. आमच्या धाकट्या मुलीला गोवर होता आणि ती दर पाच मिनिटांनी पाणी मागत होती.

रांगेत फक्त एका घरी बोअर होती. त्या घरच्या बाईंना सगळे अक्का म्हणत. त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात होता; संक्रांतीला त्या मला तिळगूळ देत, आणि रस्त्यात भेटल्या की "बाई, जरा त्याच्या गणिताकडे बघा" असे न चुकता सांगत. त्या दिवशी त्यांनी मोटर सुरू करून रबरी नळी ओट्यावर सोडली होती आणि स्वतः स्टुलावर बसून रांग चालवत होत्या. मी कळशी घेऊन रांगेत उभी राहिले.

"तिला पुढे येऊ दे गं," अक्का एका शेजारणीला म्हणाल्या, "तिच्याकडे पाहुणे आलेत."

"पाहुणे कसले, सासूबाई आल्यात," पुढे आलेली बाई म्हणाली.

"मग दोन कळशा लाव. एक प्यायला, एक रडायला."

सगळ्या हसल्या. मीही हसले. प्रत्येक बाई ओट्यावर चढे, आपली कळशी नळीखाली धरी, भरली की उचले. माझी पाळी आली, मी ओट्यावर पाय ठेवला.

"बाई, तुम्ही खालीच थांबा," अक्का म्हणाल्या. "कळशी तिथं, ओट्याच्या खाली ठेवा. मी घालून देते."

"नळी आहे की, अक्का. मी लावते."

"असू द्या हो. शाळेतून दमून आलेल्या तुम्ही, कशाला वाकता?"

"आज रविवार आहे, अक्का."

माझ्या मागे कुणीतरी हसू दाबले. अक्कांचा चेहरा बदलला नाही. त्यांनी तांब्या घेतला, नळीखाली भरला आणि वरून, वीतभर अंतर ठेवून, माझ्या कळशीत ओतला. कळशी भरायला सोळा तांबे लागले. मी मोजले, कारण नजर ठेवायला दुसरी जागा नव्हती. घरी मुलगी पाणी मागत होती, त्यामुळे कळशी उपडी करून निघून जाण्याची चैन मला परवडणारी नव्हती. मी "बरं येते" म्हणाले. सभ्यता ही सवय आहे. ती अशा वेळीही सुटत नाही.

फाटकापाशी पोचल्यावर मागे पाण्याचा आवाज आला. मी वळून पाहिले. अक्का ओटा धुऊन घेत होत्या. जिथे माझा पाय पडला होता तिथून सुरुवात करून, दोन बादल्या. अख्ख्या देवपुरात वाटी-वाटीने पाणी जमत होते, आणि माझ्या एका पावलावर दोन बादल्या खर्च झाल्या. पुढची बाई कळशी हातात धरून ओटा धुऊन होईपर्यंत शांतपणे थांबली. पाणी वाया जाते असे तिलाही वाटले नाही, कुणालाही वाटले नाही. त्या दोन बादल्यांत आमच्या घराचा दिवस निघाला असता. टंचाई म्हणजे पाणी कमी असणे, अशी व्याख्या पुस्तकात असते. ती मी तेव्हापासून वर्गात जरा दुरुस्त करून शिकवते.

पुढच्या रविवारी मी शिंदखेड्याच्या बाजूला, माझ्या माहेरी गेले आणि हे आईला सांगितले. तिने निवडायला घेतलेली मिरची खाली ठेवली नाही.

"पानी भेटनं ना?" तिने विचारले. "आम्ही तं सकायपाईन बसूत. एखादी बाईना मनमा उनं तं घाले."

"आई, कुणी पाणी घालेल म्हणून सकाळपासून बसून राहायचं, तो गावविहिरीचा जमाना होता."

"मंग हाऊ कोनता जमाना शे, बाय?"

ज्या प्रश्नाला उत्तर नसते तो प्रश्न मी फळ्यावर तसाच ठेवत नाही. धुळ्यातले आमचे घर भाड्याचे. घरमालकाला बोअरचे विचारले, तर तो म्हणाला, भिंतींना तडे जातील. त्याच्या भिंतींना तडे आधीच होते. मग आम्ही जमीन शोधू लागलो. माझ्या अटी दोनच होत्या: सातबाऱ्यावर माझे नाव आणि त्या जमिनीत पाणी लागण्याची शक्यता. बाकी काही उगवले तर उगवले.

शिक्षकखोलीत ही बातमी गेल्यावर मराठीचे सर भारावून गेले. त्यांनी खेडे सोडून वीस वर्षे झाली होती आणि तेव्हापासून ते खेड्याची स्तुती करत होते.

"खरं सांगू का मॅडम, खेड्यात अजून माणुसकी आहे. माणसं एकमेकांना धरून असतात."

"असतात, सर. कुणाला कुठे धरून ठेवायचं, तेही त्यांना पाठ असतं."

ते थोडे दुखावले. निसर्गाच्या कुशीत, साधे जीवन, मातीचा सुगंध, असे शब्द जे लोक वापरतात त्यांना माझे सांगणे एवढेच की त्यांनी आधी त्या गावची विहीर कुणाच्या आळीत आहे ते पाहून यावे. मी खेड्याकडे माणुसकी शोधायला निघाले नव्हते. मला कुणाच्याही माणुसकीची गरज पडू नये, अशी व्यवस्था करायची होती.

जागा निवडताना माझ्या पतींनी एक पाणाड्या आणला. हातात कडुनिंबाची दुबेळकी काठी धरून तो शेतभर फिरला आणि नेमकी वाटेच्या कडेला, जिथे ट्रॅक्टर सहज पोचेल तिथे त्याची काठी वळली. जमिनीखालच्या झऱ्यांना वाहतुकीची एवढी काळजी असते, हे मला नव्याने कळले. मी त्याला चहा देऊन वाटेला लावले. मग आसपासच्या चार विहिरी पाहिल्या. कोणत्या थराला मुरूम संपतो, पाझर कोणत्या बाजूने येतो, हे त्यांच्या मालकांना विचारून वहीत लिहिले. नाल्याच्या वळणावर उंबराचे झाड होते आणि पुढच्या चैत्रातही तिथली हरळी हिरवी होती. तिथे चुना टाकून वर्तुळ आखले.

दिवाळीनंतर खणायला सुरुवात झाली. खणणाऱ्या टोळीचे प्रमुख जवळच्या गावचे एक वयस्क गृहस्थ होते. त्यांना सगळे नाना म्हणत. मी दर शनिवारी शाळा सुटल्यावर एसटीने जाई. रस्त्याने जाणारे लोक थांबून विचारत, "मास्तरीनबाई, दगडं पेरशात का?" मी उत्तर देत नसे. विहिरीची खोली आपल्याकडे परसात मोजतात. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परस. दोन परस मुरूम गेला, नंतर मांजऱ्या, म्हणजे ठिसूळ खडक लागला, पुढे काळा दगड. सुरुंग लावावे लागले. पाचव्या परसाला माझे पती म्हणाले, "नाही लागलं, तर काय सांगायचं लोकांना?" मी म्हणाले, "नाही लागलं असं सांगायचं." पण त्या रात्री मला झोप लागली नाही, हे इथे लिहून ठेवते.

माघात, सात परसांवर, पूर्वेच्या भिंतीतून पाझर फुटला. मी पोचले तेव्हा खाली चार बोटे पाणी होते. मी पदर खोचून शिडीने उतरले. पाणी राखेच्या रंगाचे, गढूळ आणि फार गार होते. माझे पती वर काठावर गुडघ्यांवर बसले होते. ते खाली वाकले.

"एक घोट तरी घे."

"गढूळ आहे," मी म्हणाले, आणि सोबत आणलेली बाटली भरून घेतली. ते निवळायला हवे होते, उकळायला हवे होते. मग पाहिले असते.

नाना खाली माझ्याशेजारी कपाळावरचा घाम पुसत उभे होते. नारळ आणला नव्हता, याचे त्यांना थोडे आश्चर्य वाटले होते. मी सगळ्यांना गूळ वाटला होता, तो त्यांनी तोंडात टाकला.

"ताई, पानी लागनं. आते बस करूत का?"

"नाना, हे माघातलं पाणी आहे. वैशाखात राहील?"

"वैशाखनं कोन सांगी?"

"मग आणखी दोन परस."

त्यांनी वर पाहिले, पतींकडे, की घरातला शेवटचा शब्द कुणाचा हे ठरावे. पतींनी माझ्याकडे बोट दाखवले. "खाले बठ्ठा काया दगड शे, ताई," नाना म्हणाले.

"काळाच असणार, नाना. चार विहिरी पाहून लिहून ठेवलंय मी."

ते हसले, टोळीतल्या एकाला त्यांनी साचलेले पाणी उपसायला सांगितले आणि पहार मागितली. मी बाटलीचे झाकण घट्ट लावून ती कमरेला खोचली आणि शिडी चढू लागले. अर्ध्यावर पोचले तेव्हा खाली पहार दगडावर पडू लागली होती.