धर गा जरा

माझा एक शाळासोबती गांधीबागेत कापडाचा ठोक व्यापार करतो. त्याच्यावर मी सूड उगवला, त्याला आता दोन वर्षं होतील. अजूनही आठवलं की चहा गोड लागतो.

आम्ही तिघांनी मिळून एक विमान केलं होतं. माणसं बसतात तसलं नव्हे. रिमोटवर उडणारं, पेट्रोलच्या इंजिनाचं, सहा फूट पंखांचं. इंजिन आणि रिमोट या व्यापाऱ्याने आणले, बाकी सामान आमच्या तिसऱ्या मित्राने, तो दातांचा डॉक्टर. पंख मी बांधले, नंदनवनातल्या घरी, जेवणाच्या टेबलावर, चार महिने. तेवढे दिवस बायको आणि मी खाली बसून जेवलो. मालकी तिघांची सारखी. मोडतोडीचा नियम डॉक्टरने घातला: इंजिन बिघडलं तर खर्च तिघांत; उडवताना आपटलं तर रिमोट ज्याच्या हातात, भरपाई त्याची. नियम मला पटला होता, अजूनही पटतो.

दर रविवारी सकाळी मौद्याच्या रस्त्यावरच्या एका पडीक शेतात आम्ही ते उडवायचो. वर्षभरात तीनदा आपटलं. कधी चाक गेलं, कधी नाकावरचा फिरता पंखा. तिन्ही वेळा रिमोट माझ्या हातात, म्हणून खर्च मी मुकाट भरला. आग लागली ती व्यापाऱ्याच्या बोलण्याने. बघायला जमलेल्या लोकांसमोर तो माझ्या खांद्यावर हात ठेवून मायेने म्हणायचा, "तुहे हात थरथरून राहिले गा. वय झालं आता."

मी ते खरं मानलं. जन्मभर इमारतींचे नकाशे काढून पोट भरलेला माणूस मी, आणि दाढी करताना स्वतःच्याच हाताकडे संशयाने बघू लागलो. चहा अर्धा कपच घेऊ लागलो. रिमोटला पुन्हा हात लावायचा नाही, असंही मनाशी ठरत आलं होतं.

मग एका दुपारी बायकोने सुई ओवून मागितली. पहिल्याच खेपेला ओवली. तिला त्याचं काही वाटलं नाही. मी मात्र सुई हातात धरून बसून राहिलो. दोरा जरासुद्धा हलत नव्हता. मग एकेक अपघात आठवला. दर वेळी विमान त्याच्याकडेच असायचं, डगमगायला लागायचं, आणि नेमका तेव्हाच तो रिमोट माझ्या हातात कोंबायचा. "धर गा जरा, फोन आला." मी भोळसटासारखा धरायचो, आणि पुढच्या क्षणी विमान जमिनीवर.

पुढच्या रविवारी मी त्याला चिकटूनच उभा राहिलो. वारा सुटला, विमान एका अंगाला कललं.

"धर गा जरा, फोन आला."

त्याच्या शर्टाच्या खिशातला फोन गपगार होता. मी दोन्ही हात पँटच्या खिशात घातले.

"धर ना गा. काहून नाही धरत?"

"पहिले फोन तर घे."

तो रिमोट पुढे करून तसाच उभा राहिला. माझे चार महिने नाकावर आपटले. पंख तुटल्याचा आवाज मला नीट ऐकू आला, तरी मी हात बाहेर काढले नाहीत.

डॉक्टर धावत आला. "रिमोट कोणाच्या हातात होता?"

"मी याले देऊन राहिलो होतो."

"देऊन राहिला होता. देल्ला नव्हता," डॉक्टर म्हणाला.

तेव्हा माझं लक्ष गेलं. रिमोटचा गळ्यात अडकवायचा पट्टा खाली लोंबत होता, आणि वारा पडला तरी हलत होता. व्यापाऱ्याने रिमोट झटकन पोटाशी धरला, बोटं थांबेनात. फोन दर वेळी का यायचा, ते मला कळलं. त्याला हे वर्षभर ठाऊक होतं, आणि स्वतःचं दुखणं त्याने माझ्या नावावर खपवलं होतं.

भला माणूस इथे गप्प बसला असता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "तुहे हात थरथरून राहिले गा."

दुसऱ्याच दिवशी त्याने पूर्ण भरपाई पाठवली. शेतावर तो पुन्हा आला नाही. त्याच टेबलावर मी नवे पंख बांधले. त्या वाक्याचं कधीतरी वाईट वाटेल म्हणून मी दोन वर्षं वाट बघतो आहे. अजून वाटलेलं नाही.